नवव्या पानावरची कोंबडी

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एका आजीबाईंची लाल कोंबडी होती. ती मेली, आणि तिचं मरण मी इंग्रजीत दडपायचा प्रयत्न केला, असा माझ्यावर आळ आहे. आळ खरा आहे. पण माणसानं आपली बाजू मांडावी, म्हणून हे लिहितोय.

मी उमाकांत. शहाद्याला राहतो. एकतीस वर्षं आश्रमशाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. लोक चुका करतात आणि मी नेमका तिथं हजर असतो, एवढंच.

या प्रकरणाची सुरुवात रविनानं केली. रविना माझी जुनी विद्यार्थिनी. पाचवीत आमच्या शाळेत आली तेव्हा तिला पावरी सोडून दुसरी भाषा येत नव्हती. दोन वर्षं ती वर्गात एक शब्द बोलली नाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईनं ‘मंद’ असं लिहिलं होतं. पुढे ती बोलायला लागली, शिकली, डी.एड. झाली, आणि आता तोरणमाळच्या रस्त्याला तिच्याच गावी, केवडीपाड्याला, पहिली-दुसरीला शिकवते. त्या लाल शाईबद्दल तिनं मला कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

ऑगस्टातल्या एका रविवारी ती घरी आली. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत वर भेंडी आणि भेंडीखाली एक रंगीत पुस्तक.

“सर, हे पावरीत करायचंय,” ती म्हणाली. “पुण्याची एक संस्था आदिवासी भाषांत चित्रांची पुस्तकं छापते. सहा पुस्तकं पाठवली होती, त्यातलं मी हे निवडलं.”

पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘आजीचं छप्पर’. लेखिका बर्निस हॉलोवेल, चित्रकार रूफस हॉलोवेल. बहीणभाऊ, दोघंही सत्तरीच्या पुढचे, काळे अमेरिकन. मागच्या बाजूला त्यांचा फोटो होता. बाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या आणि भाऊ बाईंकडे बघून मनातल्या मनात हसत होता. गोष्ट साधी. वादळात एका आजीच्या घराचं छप्पर उडतं. तिची नात रडते. मग एकेक शेजारी येतो. कोणी शिडी आणतो, कोणी खिळे, कोणी फळ्या. छप्पर होतं. आजी “थँक यू” म्हणते, शेजारी घरी जातात. संपलं. सोळा पानं, दर पानावर दोन ओळी. मी बारावीला इंग्रजी शिकवलेला माणूस. मला वाटलं, हे तर मी चहा गाळता गाळता करीन.

“सहातून हेच का?” मी विचारलं.

“वर्गात उघडलं, तर पहिल्याच पानावर चार पोरं भांडली. ही नात आहे ना, तिच्यावरून. एक म्हणे ही माझी बहीण. दुसरा म्हणे छट्, ही माझी मामेबहीण, सुरतेला गेलीय ती. सर, आपल्या पाठ्यपुस्तकातल्या मुलीवरून कधी कोणी भांडलं नाही. ती कोणाचीच कोणी लागत नाही.”

वाद न घालता मी उठून चहा टाकला. असं माझं क्वचित होतं.

मग तिनं बर्निसबाईंचं पत्र काढलं. पत्र कडक होतं. बाईंनी लिहिलं होतं: एका देशात माझ्या पुस्तकातल्या मुलीचा रंग दोन छटांनी उजळवला. दुसऱ्या देशात माझ्या आजीच्या तोंडी शाळामास्तरांची भाषा घातली. आता मी कोणावर विश्वास ठेवत नाही. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. छापण्याआधी व्हिडिओ कॉलवर मला सगळं पुस्तक तुमच्या भाषेत वाचून दाखवायचं. इंग्रजी जाणणाऱ्या एका जबाबदार माणसानं ओळीओळीचा अर्थ मला सांगायचा. अर्थ जुळला तर परवानगी, नाही जुळला तर नाही.

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“तर संस्था पावरीची जागा दुसऱ्या भाषेला देणार,” रविना म्हणाली. “एकच पुस्तक मागतेय सर. माझ्या पोरांना हातात धरता येईल, असं. शाळेत पहिल्या दिवशी कळेल, असं.”

तिला तसं पुस्तक कोणी दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. जबाबदार माणसाच्या जागी मी सही केली. पूर्ण नावानिशी, खाली दोन रेघा मारून.

महिनाभरात रविनानं चार वेळा भाषांतर केलं. चारही वेळा फोनवर मला मराठीत समजावून सांगितलं, चारही वेळा मी पास केलं. पोरांनी मात्र नापास केलं. “मान डोलावतात सर, हसत नाहीत,” ती म्हणाली. “शिकून शिकून माझी पावरी शाळेची झालीय. मी आता लाह बोलावते.”

लाह म्हणजे काय ते सांगतो. सातपुड्यात कोणाला घर उभं करायचं असेल, शेत निंदायचं असेल, तर तो गावाला हाक देतो. सगळे येतात, राबतात, मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं काम, त्यानं जेवण घालायचं. घराची लाह मी पाहिली होती, शेताची पाहिली होती. भाषांतराची लाह माझ्या बापजन्मात ऐकली नव्हती. पण सही माझी होती, तेव्हा जाणं भाग होतं.

म्हसावदच्या लोटनची जीप केली. लोटनला वाटेत सगळं सांगितलं. तो घाटात वळण घेता घेता इतका हसला की मी दाराची कडी धरून बसलो. “सर, मंग मन्ही गाडीबी लाहमाच चालू द्या ना. डिझेल कसाले भरू मी?” आणि वर पोचल्यावर, “तुमी आठे जेवाले उनात का भांडाले?”

“दोन्हींसाठी आलोय,” मी म्हणालो. ते पुढे खरं झालं.

रविनाच्या अंगणात एकोणीस माणसं बसली होती. मधोमध सोनीबाई. सोनीबाई रविनाची आजी, वय तिलाही माहीत नाही. लिहिता-वाचता येत नाही, पण गावातलं लग्न तिला विचारल्याशिवाय ठरत नाही. शेजारी जेठ्या. परिसरातली निम्मी घरं त्यानं शाकारलेली. मागे चुलीवर मोठं पातेलं आणि पातेल्याखाली धूर. कोंबडी शिजत होती, वासावरून कळलं.

काम सुरू झालं. रविना पान उघडायची, चित्र सगळ्यांना फिरवून दाखवायची, ओळ सांगायची. मग अंगण बोलायचं. बोलणं पावरीत, रविना ते मला मराठीत सांगायची. पहिल्याच पानावर ‘वादळ’ आलं. आमशा नावाचा गृहस्थ, जो एरवी म्हशीशीही बोलत नाही म्हणतात, तो उठून उभा राहिला. कुठलं वादळ? झाडं मोडणारं, कौलं उडवणारं, की नुसतंच बोंबलणारं? मी म्हटलं, इंग्रजीत नुसतं वादळ आहे. आमशा म्हणाला, नुसतं वादळ असं काही नसतं. कौलं उडवणाऱ्या वादळाचा एक शब्द त्यानं दिला. मागच्या ओळीतल्या पोरी खिदळल्या, कारण तो शब्द ऐकतानाच अंगाला वारा लागत होता. मी कपाळाला आठ्या घालून तो लिहून घेतला.

जेठ्याचं तर प्रत्येक पानावर काहीतरी. या माणसानं वासा उलटा धरलाय. हा खिळे तोंडात धरून चढतोय ते बरोबर, पण त्याला हसवू नका, गिळेल. शिडीचा शब्द, वाशाचा शब्द, तिरप्या खिळ्याला सरळ करतात त्याचा शब्द, सगळे जेठ्याचे. दुपारपर्यंत पुस्तक उभं राहिलं. खरं सांगतो, मला पावरीतलं थोडंच कळतं, पण ते पुस्तक आता चालत होतं, बोलत होतं. रविनाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आणि शेवटचं पान आलं. “‘थँक यू’, आजी म्हणाली, आणि शेजारी घरी गेले.”

कोणी शब्द देईना.

“पुढे?” सोनीबाईनं विचारलं.

“पुढे काही नाही, आजी. संपलं.”

“जेवण?”

“जेवण नाहीये पुस्तकात.”

एकोणीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. जेठ्यानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. दिवसभर लोकांना छपरावर चढवलं आणि उपाशी घरी पाठवलं? तोंडानं बोलून? असली कसली बाई ही? मघापासून जिच्यासाठी सगळे हळहळत होते, त्या आजीची अब्रू एका ओळीत गेली.

“त्यांच्याकडे तशी रीत नसेल,” मी म्हणालो.

सोनीबाईनं हात पुढे केला. रविनानं पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हातारीनं ते मागून पुढे उघडलं, मग पुढून मागे, एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन. मग बोट ठेवलं. तिसऱ्या पानावर पायरीवर एक लाल कोंबडी होती. पाचव्या पानावर ती शिडीखाली. सातव्यावर खिळ्यांच्या डब्यात तोंड घालून. नवव्यावर चुलीच्या लाकडांजवळ. दहाव्यावर नव्हती. अकराव्यावर नव्हती. पुढे शेवटपर्यंत कुठेच नव्हती.

मी ती कोंबडी तोवर पाहिलीच नव्हती. मी ओळी वाचत होतो. बारावीला इंग्रजी शिकवलेला माणूस चित्रं कशाला पाहील?

“आणि हिची नजर बघा,” सोनीबाई म्हणाली. नवव्या पानावर सगळे शेजारी छपराकडे बघत होते. आजी एकटीच छपराकडे बघत नव्हती. ती कोंबडीकडे बघत होती. “अशी नजर मी शंभर वेळा लावलीय. आजसुद्धा सकाळी लावली.”

अंगणाला हायसं वाटलं. बाई चांगली होती. कोंबडी कापली होती, लोक जेवले होते, लिहिणारीनं लिहिलं नव्हतं एवढंच. सोनीबाईनं तिथल्या तिथं ओळी सांगितल्या, रविनानं लिहून घेतल्या: ‘आजीनं लाल कोंबडी कापली. सगळे जेवले. मग छप्पर पुरं झालं.’

“बिलकुल नाही!” मी उभा राहिलो. बाईंचं पत्र, अट, माझी सही, सगळं सांगितलं. चित्रकार विसरला असेल, म्हणालो. सोनीबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता मी दहाव्या पानावर असणार नाही. जो माणूस चित्रात तोंडातले खिळेसुद्धा मोजून काढतो, तो कोंबडी विसरेल? तिनं विचारलं.

माझा तोल गेला आणि तोंडातून घरची भाषा बाहेर पडली. “अरे, ती कोंबडी मरी गयी का जित्ती शे, तुमले काय करनं शे!”

यावर लाह मोडली. म्हणजे काय झालं, तर जेठ्या उठला आणि शांतपणे म्हणाला, माझी शिडी परत द्या. आमशा म्हणाला, माझं वादळ परत द्या. एक बाई म्हणाली, मी दिलेली फळी काढून टाका. जिथं लोकांना उपाशी पाठवतात त्या कामात आमचे शब्द नकोत. बघता बघता अर्धं पुस्तक ओस पडलं.

रविनाची इकडे आड तिकडे विहीर झाली. गावाचे शब्द ठेवायचे तर कोंबडी घ्यावी लागणार, आणि कोंबडी घ्यावी तर परवानगी जाणार. तिनं वही मिटली.

“कोंबडी राहील,” ती शेवटी म्हणाली. “मी बाईंना खरं सांगेन.”

“काय सांगशील? त्या फोन ठेवतील.”

“ठेवू देत. खोटं छप्पर नको, सर.”

मग सगळे जेवले. मीही जेवलो. चिडलेला असलो तरी दोनदा रस्सा मागून घेतला, हे लोटननं नंतर शहादाभर सांगितलं.

कॉल ऑक्टोबरात ठरला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यांच्याकडे सकाळचे सात. केवडीपाड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून फोन टाकीच्या नळाला दोरीनं बांधला. समोर रविना पुस्तक घेऊन, बाजूला मी, आणि मागे सगळी लाह, न्हाऊनधुऊन. फोनमध्ये बर्निसबाई आल्या. केस पांढरे, चष्मा डोक्यावर, हातात पेन्सिल. मागे स्वयंपाकघर. सोनीबाई मला ढोसून म्हणाली, ही तर माझी नणंदच.

येताना जीपमध्ये मी मनाशी एक ठरवलं होतं. या टाकीजवळ इंग्रजीपर्यंतचा पूल मी एकटाच होतो. रविना कोंबडीच्या ओळी वाचेल, गावाचं समाधान होईल. मी इंग्रजीत जुनीच ओळ सांगेन, बाईंचं समाधान होईल. पुस्तक छापलं जाईल. मिसिसिपीत पावरी कोणाला येते? पाप होतं, पण कोणाचंही नुकसान न करणारं, असं मला वाटलं.

वाचन सुरू झालं. रविना वाचायची, मी अर्थ सांगायचो. आमशाच्या वादळापाशी बाईंनी थांबवलं. “कौलं उडवणारं वादळ? एकाच शब्दात?” मी घाबरत होय म्हणालो. बाईंनी तो लिहून घेतला. “तसंच होतं ते,” त्या म्हणाल्या. पुढची पानं सुरळीत गेली. बाईंची पेन्सिल टिक करत होती. शेवटचं पान आलं. रविनानं तीन वाक्यं वाचली. मागून गावानं “हां” म्हणून दाद दिली.

मी इंग्रजीत म्हणालो, “‘थँक यू’, आजी म्हणाली, आणि शेजारी घरी गेले.”

पेन्सिल थांबली.

“त्यांनी तीन वाक्यं वाचली,” बर्निसबाई म्हणाल्या. “तुमचं एकच?”

“आमची भाषा जरा लांब असते, मॅडम.”

“पहिल्या पंधरा पानांत नव्हती.”

बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. एकतीस वर्षांचं इंग्रजी त्या क्षणी पायात चपला घालून निघून गेलं. मी कसंबसं सांगितलं. कोंबडी. कापली. जेवले. मग छप्पर पुरं झालं.

“माझ्या पुस्तकात कोंबडी नाही,” बाई थंडपणे म्हणाल्या. “आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवत होतात. मला वाटलं होतं, निदान या वेळी तरी…” त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढला आणि हात फोनकडे आला. बंद करायला.

तेव्हा रविना पुढे झाली. मला कोपरानं बाजूला सारून. तिला इंग्रजी वाचता येतं, पण आजवर परक्या माणसाशी ती एक वाक्य बोलली नव्हती. तिनं पुस्तक उघडून कॅमेऱ्याला टेकवलं.

“मॅडम,” ती म्हणाली. “हेन हिअर.” पान उलटलं. “हेन हिअर.” पुन्हा. “हेन हिअर.” नववं पान. “हेन हिअर. ग्रँडमदर लुक हेन.” मग दहावं पान. “नो हेन. नो हेन. नो हेन. मॅडम, व्हेअर हेन?”

ती मागे सरली नाही. पुस्तक उराशी धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी लाल शाईनं जिचं वर्णन केलं होतं, ती हीच मुलगी.

फोनकडे आलेला हात मागे गेला. बाईंनी बाजूच्या कपाटातून स्वतःची प्रत काढली. चष्मा घातला. पानं उलटली, पुन्हा उलटली. मग त्यांनी मान वळवून घर हादरेल असा आवाज दिला, “रूफस!”

आणि उठून गेल्या. टाकीजवळची वीस-पंचवीस माणसं एका रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली.

परत आल्या तेव्हा सोबत एक उंच म्हातारा होता, बोटांना रंग लागलेला. बाईंनी त्याच्यापुढे पुस्तक धरलं. त्यानं पुस्तकाकडे पाहिलंच नाही. त्यानं फोनमधून आमच्याकडे पाहिलं.

“कोणी पाहिलं?” त्यानं विचारलं.

मी सोनीबाईकडे बोट केलं. म्हाताऱ्यानं मान लववली. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

“अकरा वर्षं,” तो म्हणाला. “अकरा वर्षं मी वाट बघतोय. निदान एखादं पोर तरी विचारेल.”

पुढचं तो बोलत गेला आणि मी मराठीत, रविना पावरीत, असं गावाला सांगत गेलो. गोष्ट खरी होती. छप्पर त्यांच्याच आजीचं. शेजारी चौदा होते, आणि घरात पिठाशिवाय काही नव्हतं. कोणी न जेवता जाऊ नये म्हणून आजीनं सगळ्यांचे हातोडे पिठाच्या डब्यात लपवून ठेवले. (इथं गावानं माना डोलावल्या. जेठ्या म्हणाला, बाई शहाणी.) मग तिनं लाल कोंबडी कापली. रूफसनं त्या जेवणाची दोन चित्रं काढली होती. पण बहिणीनं ती पुस्तकातून काढायला लावली.

“का?” रविनानं मला विचारायला सांगितलं.

उत्तर बर्निसबाईंनी दिलं. मघाचा कडक आवाज आता राहिला नव्हता. “कोंबडी माझी होती. मी तिला हातानं दाणे घालायची. त्या दिवशी सगळे जेवले, मी जेवले नाही. लिहायला बसले तेव्हा मी सत्तरीला आले होते, तरी मला ते वाक्य लिहिता येईना.”

“म्हणून मी पुढच्या सगळ्या पानांतून कोंबडी वगळली,” रूफस म्हणाला. “ती शब्दांत खोटं बोलली. मी चित्रांत नाही बोललो. चार महिने आमचं बोलणं बंद होतं.”

“मी हे पुस्तक शेकडो शाळांत वाचलंय,” बाई म्हणाल्या. “मलाच दिसलं नाही.”

सोनीबाईला रविनानं सगळं समजावलं. तिनं थोडा विचार केला आणि फोनजवळ सरकली. तिला दोन गोष्टी बोलायच्या होत्या. पहिली रूफसला. “कलेजी कोणाला दिली?”

“मला,” म्हातारा छाती फुगवून म्हणाला. “मी सगळ्यांत लहान होतो. पण सगळे वाकडे खिळे मी सरळ केले होते.”

सोनीबाईनं न्याय झाल्यासारखी मान हलवली. मग ती बर्निसबाईंशी बोलली, पावरीत, हळूहळू, जणू बाईंना कळणारच आहे. रविनानं ते मराठीत सांगितलं, मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत. या वेळी काही गाळलं नाही. “कोंबडी ज्याची, तो रडतोच, बाई. तू रडलीस ते बरोबर केलंस. पण ती माणसं उपाशी गेली असती, तर तुझी आजी जन्मभर त्या छपराखाली झोपली नसती.”

बर्निसबाईंनी पेन्सिल घेऊन स्वतःच्या प्रतीत शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं. मग वर पाहिलं.

“माझी अट कायम आहे,” त्या म्हणाल्या. “एक शब्द वाढवायचा नाही. पण हा शब्द तुम्ही वाढवलेला नाही. मी गाळलेला आहे. राहू द्या तो.”

मी हे सांगताच टाकीजवळ असा गलका झाला, की दोरी सुटून फोन चिखलात पडला. तो उचलून पुसला, तेव्हा बाई अजून होत्या. त्यांनी मला नावानं हाक मारली.

“मिस्टर उमाकांत, तुमच्यावर माझा विश्वास नाही. यापुढे मी त्या मुलीशीच बोलेन.”

हे मात्र मी गावाला सांगितलं नाही. लोटनला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. घाट उतरेपर्यंत तो गालातल्या गालात हसत होता.

फेब्रुवारीत पुस्तक आलं. जेवणाची ती दोन चित्रं त्यात बसली नाहीत, पानं ठरलेली असतात. पण रूफसनं शेवटच्या पानावर, पायरीच्या कडेला, एक लाल पीस काढून पाठवलं होतं. रविनानं माझी प्रत लोटनकडून पाठवली. मी सवयीनं आधी मागचं पान उघडलं. तिथं लाहेला आलेल्या सगळ्यांची नावं होती, कोणी काय दिलं त्यासकट. जेठ्या: शिडी, वासा, खिळा. आमशा: वादळ. सोनीबाई: कोंबडी. अशी एकोणीस. आणि त्यांच्या खाली विसावं नाव: उमाकांत सर: जेवायला होते.

माझं डोकं फिरलं. मी लगेच फोन लावला.

“रविना, हे काय छापलंस?”

“आजीनं सांगितलं तसं, सर. ती म्हणाली, राबला नाही पण जेवला, त्याचंही नाव घ्यायचं. नाव नाही घेतलं तर माणूस पाहुणा राहतो.”

“आणि घेतलं तर?”

“तर घरचा.”

मग जे पंधरा वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. “पाचवीत तुझ्या प्रगतिपुस्तकावर मी काय लिहिलं होतं, आठवतं तुला?”

“आठवतं, सर.”

“ते चुकलं होतं. माझं चुकलं होतं.”

पलीकडे तिच्या वर्गातल्या पोरांचा कालवा ऐकू येत होता. बहुतेक पुन्हा त्या नातीवरून भांडत होती.

“सर, तेव्हा मला काही कळत नव्हतं ते खरंच आहे,” रविना म्हणाली. “तुम्ही वाचायचे, आणि मी नुसती चित्रं बघायचे.”

फोन ठेवला. पुस्तक पहिल्यापासून उघडलं आणि या वेळी एकही ओळ वाचली नाही. तिसऱ्या पानावर, पायरीवर, कोंबडी होती.